पालथी चूल

आईच्या दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि आमच्या घरात नवीन कटकट सुरू झाली. दिसत नव्हतं तेव्हा बरी होती बाई. आता तिला कोपऱ्यातली कोळिष्टकं दिसू लागली, माझे पिकलेले केस दिसू लागले, जावयाच्या बनियनचं भोक दिसू लागलं. आणि एका सकाळी ती आरशासमोर उभी राहिली ती हलेचना. मी चहाचा कप घेऊन मागे ताटकळत.

"काय पाहून राह्यली वं आई एवढं?"

"पाहून राह्यली, मी कोनावर गेली म्हणून."

मी हसले. तिला हसू आलं नाही. तिच्या बापाचं नाक चांगलं जाडजूड होतं, ते हिच्याकडे नाही. कान नाहीत, कपाळ नाही. आणि तिच्या आईचा फोटो कुठून असणार? आई अंगावर पीत होती तेव्हाच ती माउली गेली. चेहरा सांगणारं माणूसही आता कोणी उरलं नाही.

"आत्या खरंच सांगत असंन तं?" आई म्हणाली आणि चहा घेऊन बाहेर ओट्यावर जाऊन बसली.

आईच्या आत्याची ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकलेली. आईचं माहेर मूलजवळच्या एका खेड्यात, आणि तिच्या आईचं माहेर तिकडे खाली, अहेरीच्या अलीकडे. आजोबांची स्वतःची बैलबंडी होती. उन्हाळ्याच्या तोंडावर ते बांबू आणायला तिकडच्या जंगलात जात. जाताना बंडी रिकामीच, म्हणून त्या साली पोटुशा बायकोला बाळंतपणासाठी सोबत घेतलं. वाटेत बंडीझिरा म्हणून मुक्कामाची जागा होती. तिथे दिवस भरायच्या आधीच कळा लागल्या. पुढचं गावातल्या कोणी पाहिलं नाही. बायको माहेरीच राहिली, वर्षाच्या आत तापाने गेली, आणि आजोबा एक तान्ही पोर बंडीत घालून घरी आले. ती माझी आई.

तिला वाढवलं आत्याने. आत्या तोंडाची फाटकी. राग आला की म्हणायची, "तुह्या मायचं लेकरू तं वाटेतच गेलं. तुले बंडीझिऱ्यावरून उचलून आनली, समजली?" तसं लेकरांना चिडवायची आपल्याकडे पद्धतच आहे. मला आई बोहारणीकडून घेतली म्हणायची. पण मला खात्रीने सांगणारी आई समोर होती. तिला कोण होतं?

"मग तू बापाला कधी विचारलं काऊन नाई?" मी एकदा चिडून म्हटलं होतं.

"कसं विचारू? मायची गोठ निघाली का थो बैल सोडाले उठून जाय. बैल सुटलेले असले तरी."

आता माझं ऐका. मी सगळी नोकरी सिस्टर म्हणून काढली, तीही बहुतेक अहेरीच्या भागात. माझ्या हातावर इतकी पोरं जन्माला आली की बाजारात मिशीवाला बाप्या येऊन पाया पडतो, आणि मी त्याला सांगते, तू उपकेंद्राच्या व्हरांड्यात झालास, पाऊस होता, कंदील तुझ्या काकाने धरला होता. जगाच्या जन्माच्या जागा मला पाठ. स्वतःच्या आईची माहीत नाही! आणि मला तर चौकशीचा किडा. शेजारणीकडे पाहुणे कोण आले हे कळल्याशिवाय मला जेवण जात नाही. बंडीझिऱ्याचंही मी पुष्कळांना विचारलं होतं. पण डांबरी रस्ता दुसरीकडून गेला, बंड्या संपल्या, ट्रक आले, आणि ते नावच लोकांच्या तोंडातून गेलं. माझ्या मागे जीप आणि लसीच्या डब्या लागलेल्या. राहून गेलं ते गेलंच.

ते सापडलं एका लग्नापायी. अहेरीला लग्नाला गेलो आणि मी पंगत उठल्याबरोबर बाजारात. एक गोंड बाई वाळलेली मोहफुलं विकत बसली होती. फुलं चांगली टपोरी, माती अजिबात नाही. मी विचारलं, एवढी साफ कुठली गं?

"आमी बंडीझिऱ्यावर वेचतो ना बाई. तिथी खाली झाडून, जाळून ठेवतो."

माझ्या मुठीतली फुलं तशीच राहिली. मी तिला इतके प्रश्न विचारले की ती घाबरून म्हणाली, "बाई, तुमी जंगलखात्याच्या व्हय का?"

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "काखेत कळसा अन् गावाला वळसा. इतकी वर्षं तिथीच नोकरी केली ना तू?" हा माणूस आयुष्यभर एसटी चालवून रिटायर झालेला. त्याला वाटतं की जिथे बस जात नाही ते गाव नाहीच.

मोहाचा हंगाम सरता सरता आम्ही निघालो. आमची जुनी व्हॅन, नवरा, मी, आणि पुढच्या सीटवर आई. तिने पांढरं धुवट लुगडं नेसलं होतं. मी म्हटलं, जंगलात पांढरं काऊन? तर म्हणे, "असू दे." वाटेत ती एरवी प्रत्येक गावाला काही ना काही नाव ठेवते. त्या दिवशी चामोर्शी गेलं, आष्टी गेलं, बाई गप्प.

मग अचानक बोलली तर कशावर, चुलीवर.

"तुले मी बंडीवाल्यांच्या चुलीची रीत सांगतली होती का?"

नव्हती सांगितली. इतक्या वर्षांत नाही! मला रागच आला. पण ऐकायचं होतं म्हणून राग गिळला.

बंडीवाले मुक्कामावरून निघाले की चूल मोडत नसत. तीन दगड तसेच ठेवायचे, वर मूठभर काटक्या ठेवायच्या. मागून थकून येणाऱ्याला दगड शोधत फिरायला लागू नये म्हणून. पण वाटेत कोणी बाळंत झाली, तर जिच्यावर तिचं पाणी तापवलं ती चूल दुसऱ्याने पेटवायची नसे. लेकरू जगलं तर तिचे तिन्ही दगड पालथे घालायचे, काळी बाजू मातीत दाबून. लेकरू गेलं तर चूल मोडायची, दगड तीन दिशांना फेकून द्यायचे. पालथी चूल दिसली की मागचा बंडीवाला समजे आणि बाजूला दुसरी मांडे.

"विटाळ मानत असतील," मी म्हटलं.

"लोकं मानत असतीन. माहा बाप म्हणे, थे चूलच बाळंतीण हाय. बाळंतिणीले कोनी कामाले लावत नाई."

आता मला कळलं की ती काय पाहायला निघाली होती. तिला झरा पाहायचा नव्हताच. तिला पाहायचं होतं की चूल पालथी आहे की मोडलेली. एवढ्याने ठरणार होतं की ती तिच्या मायची की कोणाची. मी आरशातून नवऱ्याकडे पाहिलं. तो पण रस्त्याकडे फार लक्ष देऊन पाहायला लागला होता.

मोहवाली बाई आलापल्लीच्या अलीकडे ठरल्या जागी उभी होती, डोक्यावर टोपली. व्हॅन सागाच्या झाडांत जाईल तेवढी आत घातली, मग पायी. आई काठी टेकत, पण आमच्या पुढे. डॉक्टरांनी धूळ टाळा म्हणून सांगितलं होतं. कोण ऐकतं!

थोड्या वेळाने पायाखाली उघडा खडक लागला आणि मी ओरडलेच. खडकात दोन चाकोऱ्या होत्या. बंड्यांच्या चाकांनी झिजून झिजून पडलेल्या, माझा घोटा आत जाईल एवढ्या खोल, दोन्ही सरळ रेषेत झाडांमध्ये शिरलेल्या. कोणी खणल्या नव्हत्या. नुसत्या जाण्यायेण्याने पडल्या होत्या. मी चप्पल काढून एका चाकोरीतून चालून पाहिलं. नवरा म्हणाला, "आता हॉर्न पण वाजव." मी वाजवला, तोंडाने. मोहवालीने टोपलीआड तोंड लपवलं.

चाकोरीनेच झऱ्यावर नेलं. मोठं उंबराचं झाड, त्याच्या मुळाशी काळा खडक, आणि खडकाच्या भेगेतून पाणी. आवाज नाही, उसळी नाही. नुसतं येत राहतं. खाली कोणी तरी दगड रचून टाकं बांधलेलं, त्यात तळाची वाळू मोजून घ्यावी इतकं नितळ. चैत्राच्या उन्हात! बोअर आटतात, नळ कोरडे पडतात आणि हे पाणी कोणासाठी येत राहतं? मी मोहवालीला विचारलं, कधी आटलं का? ती म्हणाली, तिच्या सासूने पण नाही पाहिलं. मी बाटली भरून घेतली, गाडीत लागेल म्हणून.

भोवती चांगलं सपाट मैदान. इथेच का थांबत, ते उभं राहिल्यावर समजत होतं. पुढे लगेच चढ सुरू होतो, बैलांना दम घेतल्याशिवाय चढवणार नाही. पाणी आहे, सावली आहे, जागा आहे. आई सांगत होती की वाघाच्या भीतीने बंड्यांचं रिंगण करत, बैल आत बांधत आणि बाहेरून शेकोट्या पेटवत. मी मैदानात फिरून रिंगण किती मोठं असेल ते पाहत होते. एवढ्या बंड्या, एवढी माणसं, त्यांच्या भाकरी, भांडणं, गाणी. कुठे गेलं ते सगळं?

चुली होत्या. मोहाखाली पालापाचोळा जाळून जमीन साफ केलेली, त्यामुळे दगड उघडे पडले होते. इथे तीन, तिथे तीन, काही मातीत अर्धे गेलेले. दर वर्षीच्या जाळामुळे वरून सगळेच काळे. आम्ही चौघं वाकून वाकून शोधायला लागलो. एक चूल, दुसरी चूल. सगळ्या बसलेल्या, तोंडाला तोंड देऊन. पालथी एकही नाही.

मैदानाच्या कडेला आई थांबली. तिथे एकच दगड बसलेला होता. दुसरा चार हातांवर, तिसरा झुडपात.

"हे मोडली हाय," ती म्हणाली.

"अगं, रानडुकरांनी उकरली असेल!" मी म्हटलं, फार मोठ्याने.

"डुक्कर एकच चूल उकरते काय?"

ती उंबराखाली जाऊन बसली. "मंजे आत्या सांगे तेच खरं," म्हणाली, आणि पदर डोळ्यांना लावला. नवे डोळे, त्यांना पाणी लागू द्यायचं नव्हतं. मला आत्याचा असा संताप आला की ती जिवंत असती तर मी तिला तिथेच हजर केलं असतं. पंचाहत्तरीला टेकलेली बाई, पोरासारखी रडत होती की माझी माय माझी नव्हती. आणि आणलं कोणी तिला इथे? मीच. नसती हौस!

नवरा टाक्याजवळ गेला आणि ओंजळीने पाणी आणून तिच्यापुढे धरलं. एसटीच्या ड्रायव्हरला एवढं सुचलं, मला सुचलं नाही. आई प्यायली. मग ओल्या हाताकडे पाहत राहिली.

"थे पानी हे नोहे," ती म्हणाली.

"काय नोहे?"

"मायचं बाबा एकदाच बोलला व्हता, झिऱ्याचं पानी लय गढूळ. शेणाचा वास ये. माय पदरानं गाळून पे. हे तं आरशावानी साफ हाय."

"पावसाळ्यात होत असेल गढूळ."

"पावसाळ्यात बंड्या चालत व्हत्या काय गं? शिकली सवरली तू."

खरं होतं. पावसाळ्यात बंडी कुठली चिखलात चालणार? मोहवाली आमचं ऐकत होती. ती सहज म्हणाली, "गढूळ पानी खाली हाय ना बाई. नाल्यात. ढोरं पेतेत तिथी."

ढोरं पितात तिथे.

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि माझ्या कानापर्यंत गरम झालं. आजोबांची ती बंडी आली होती ती दीक्षेच्या आधी. दीक्षेच्या वेळी आई चार-पाच वर्षांची पोर होती. म्हणजे इथे मुक्काम पडला तेव्हा आमचे लोक बौद्ध झालेले नव्हते. ज्यांच्या सावलीचा विटाळ व्हायचा त्यांच्यातले होते. वरच्या टाक्याला आमच्या माणसाने हात लावला असता तर? हे काय आम्हाला माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं. जयंतीच्या भाषणांत मी स्वतः बोलले आहे, विहिरींबद्दल, तळ्यांबद्दल, टाळ्या घेऊन. आणि इथे आल्यावर आम्ही तिघंही सरळ सगळ्यांत चांगल्या जागी गेलो, सगळ्यांत साफ पाण्याशी, आणि आपली चूल शोधायला लागलो. आपल्याला कोणी इथे बसू दिलं नसतं हे मनातच आलं नाही. एका परीने बरंच म्हणायचं. आम्ही विसरू शकलो एवढं तरी झालं.

पण तेव्हा बरं वाटलं नाही. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की वर रिंगण आहे, शेकोट्या आहेत, आणि खाली नाल्यात रिंगणाच्या बाहेर आपल्या लोकांच्या दोन-तीन बंड्या आहेत आणि एकीत एक बाई कळा देत आहे.

आई काठी टेकून उठलीसुद्धा. "चाल खाली," म्हणाली. आवाज बदलला होता.

खालची वाट अवघड. वरच्या टाक्यातून सांडलेलं पाणी ओघळत नाल्यात येतं आणि तिथे डबकं होतं. गाईम्हशींच्या खुरांनी तुडवलेलं, हिरवट, वास येणारं. शेजारी उतरती जागा, बंडीच्या चाकाखाली दगड लावावा लागेल अशी. वर एक जुना मोह. त्याच्याखालीही जाळून साफ केलेलं होतं. मोहवालीने आपली टोपली खाली ठेवली आणि ती पण शोधायला लागली. आता तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

चुली इथे थोड्याच. दोन बसलेल्या. तिसरी मोहाच्या बुंध्याच्या आडोशाला, उतारावरच्या त्यातल्या त्यात सपाट जागेत. तीन दगड मातीत रुतलेले, वर गोल पाठी. चुलीचा दगड असा कोणी ठेवत नाही. भांडं घसरेल. मी सिस्टर आहे, बाळंतिणीला कुठे निजवायचं ते मला समजतं. मी पण तिला तिथेच निजवलं असतं, बुंध्याला पाठ लावून.

"हे पाह्य," आई म्हणाली.

नवऱ्याने व्हॅनमधून आणलेली लोखंडी पहार घातली. त्याने आधी आईला विचारलं, "काढू का मामी?" तिने मान हलवली. "एकच काढा." दगड सुटायला तयार नव्हता, मुळं धरून बसली होती. मग एकदम सुटला, आणि त्याने तो दोन्ही हातांनी उलटा केला.

मातीकडची बाजू काळी होती. ओल्या मातीखालची, आत मुरलेली काळी. जाळाने दगड एका अंगाने तडकलाही होता. आईने बोट लावलं, बोट काळं झालं.

सत्तराच्या वर पावसाळे काजळी टिकते का? मला माहीत नाही. नाल्यात दुसरी कोणी बाळंत झालीच नसेल का? तेही माहीत नाही. आपले लोक याच वाटेने जात, याच डबक्याशी थांबत, पोरं काय एकीलाच झाली असतील? हे सगळे प्रश्न माझ्या तोंडापर्यंत आले होते. माझा स्वभावच तो. पण आईने ते काळं बोट नाकाशी नेलं, वास घेतला, आणि तिचा चेहरा पाहून मी जन्मात पहिल्यांदा प्रश्न गिळले.

नवरा दगड हातात घेऊन उभाच. त्याला वाटलं घरी न्यायचा असेल. "गाडीत ठेवू का?" म्हणाला.

"नाई, नाई!" आई जवळजवळ ओरडली. "होता तसा ठेवा जावई. पालथाच. माय बाळंतीण हाय माही. तिले निजू द्या."

त्याने दगड परत खड्ड्यात बसवला, हाताने माती लोटली. आईने स्वतः वाकून वरून थापटली. मग माझ्याकडे न पाहता हात पुढे केला. मला वाटलं आधार पाहिजे, म्हणून हात दिला. तिने तो बाजूला सारला.

"थे बाटली दे. वरून भरलेली."

मी दिली. तिने झाकण उघडलं आणि तिन्ही दगडांवर थोडं थोडं पाणी ओतलं, सावकाश, बाळंतिणीच्या तोंडात ओततात तसं. बाटली संपेपर्यंत ओतलं.

"घे वं माय," ती म्हणाली. "साफ हाय. वरचं हाय."